कापूस, बर्फ आणि भर दुपारचा उजेड

नाताळ जवळ आला की आपल्या घरोघरी गव्हाणीचा देखावा उभा राहतो. खोक्यांवर खाकी कागद चुरगाळून डोंगर होतात, आरशाच्या तुकड्याचे तळे होते, आठ-दहा दिवस आधी पेरलेल्या गव्हाची हिरवळ येते आणि शेवटी डोंगरमाथ्यावर व झाडाच्या फांद्यांवर कापसाचा बर्फ पसरला जातो. यवतमाळ जिल्ह्यात डिसेंबर हा कापूस वेचणीचा महिना. आपण घरात गोठा सजवीत असतो त्याच दिवशी गावाबाहेरच्या वावरात बाया पदराची ओटी बांधून वाकलेल्या असतात आणि बाजाराच्या वाटेवर कापसाने भरलेल्या गाड्या उभ्या असतात. त्याच कापसाचा एक पुंजका आपण घरी आणतो आणि त्याला बर्फ म्हणतो. आम्हीही हे वर्षानुवर्षे केले आहे. बाळ येशूपुढे भक्तिभावाने ठेवलेल्या कोणत्याही वस्तूला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु निसर्गचित्रांविषयी लिहावयास बसलो की तो पुंजका डोळ्यांसमोरून हलत नाही. जी वस्तू आपल्या मातीतून उगवली, जिच्यावर गावाचे बरेवाईट अवलंबून आहे, ती हातात असूनही आपल्याला दिसत नाही; तिच्या जागी कधी न पाहिलेला बर्फ दिसतो. असे का व्हावे?

याचे एक कारण आपल्या भिंतींवर टांगलेले असते. दिनदर्शिकांवर आल्प्सच्या पायथ्याची तळी असतात. उत्तम मेंढपाळाच्या मागे इंग्लंडातली असावीत अशी हिरवी कुरणे असतात आणि त्यांवर सायंकाळचा सोनेरी प्रकाश असतो. धर्मग्रामातील बालकांच्या चित्रकला स्पर्धेत 'माझे गाव' हा विषय दिला तर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध किरणांचा सूर्य, नागमोडी नदी, होडी आणि नारळाचे झाड हमखास येते. ज्या मुलाच्या गावात नारळ नाही आणि होडीही नाही, ते मूलही हेच काढते. मुलाचा यात दोष नाही. पाहणे हे शिकावे लागते आणि आपल्या पिढ्यांना ते बहुतांशी चित्रांनीच शिकविले आहे. म्हणून भूमी आणि प्रकाश यांकडे पाहण्याच्या आजच्या चित्रकारांच्या रीती तपासणे हा केवळ कलारसिकांचा छंद राहत नाही. आपल्याला आपली भूमी दिसणार की नाही, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही काही चित्रकारांकडे एकच माप घेऊन जाणार आहोत, आणि ते माप म्हणजे यवतमाळची भर दुपार.

हे माप थोडे कठोर आहे, याची आम्हांला जाणीव आहे. निसर्गचित्र म्हणजे अखेर सावल्यांचा हिशेब असतो. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपे पडते. झाडाची, घराची, माणसाची सावली लांब पसरते आणि त्या सावलीमुळेच वस्तूला आकार, घनता व अंतर मिळते. म्हणून चित्रकार पहाटे निघतो, दहाच्या सुमारास सामान आवरतो आणि पुन्हा चारनंतर बाहेर पडतो. आपला जिल्हा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे वीस अंशांवर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाराच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या वेळी आकाश निळे न राहता पांढरट होते. नांगरून ठेवलेली काळी जमीन सगळा उजेड पिऊन टाकते. पळसाची पाने निश्चल असतात आणि क्षितिजावर झळा उठून कडा वितळतात. वरचे पांढरे आणि खालचे काळे यांच्या मधल्या छटा जवळजवळ नाहीशा होतात. चित्रकाराला आधार द्यावयास काही उरत नाही. आणि तरीही याच उजेडात आपल्याकडची माणसे वखर हाकतात, धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली भाकरी खातात, पाण्याच्या टँकरची वाट पाहतात. ज्या प्रकाशात आयुष्याचा मोठा भाग जातो, तोच प्रकाश चित्रात नसतो.

येथे आपल्या परिचयाचे एक चित्र आठवते. ज्याँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचे 'आंजेलुस' हे चित्र १८५७ ते १८५९ या काळातले. बटाट्याच्या शेतात एक शेतकरी आणि त्याची पत्नी माना लववून उभी आहेत. काटा मातीत रोवलेला आहे, टोपली जमिनीवर आहे, दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा आहे आणि सांज उतरली आहे. घंटा ऐकताच शेतातले काम थांबवून मृतांसाठी प्रार्थना करावयास लावणारी आजी मिलेच्या आठवणीत होती, आणि त्या आठवणीतून हे चित्र आले. अनेक कॅथलिक घरांत त्याची छापील प्रत असते. देवदूताच्या निरोपाची ही प्रार्थना दिवसातून तीनदा होते, हे आपण जाणतो: सकाळी, दुपारी बारा वाजता आणि सायंकाळी. मिलेने सायंकाळची घंटा निवडली. त्या मंद प्रकाशात कष्टाचे टोक बोथट होते आणि दारिद्र्यालाही एक शांत सौंदर्य मिळते. त्या चित्राचे मोठेपण आम्हांला मान्य आहे. तथापि त्याच्या असंख्य प्रतींनी आपल्याला एक सवय लावली: शेतकरी दिसावा तो संध्याकाळच्या उजेडात, काम संपल्यावर, प्रार्थनेत. बाराच्या घंटेला तो कसा दिसतो, हे पाहावयाचे राहून गेले.

मिलेने दुपारही टाळली नव्हती, हे सांगावयास हवे. गंजीच्या सावलीत झोपलेले शेतकरी जोडपे त्याने १८६६ साली रंगविले होते. त्या चित्राच्या काळ्यापांढऱ्या छापावरून व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८९-९०च्या हिवाळ्यात, सेंट-रेमीच्या रुग्णालयात असताना, स्वतःचे चित्र केले. छापात रंग नव्हता. तो व्हॅन गॉगने दिला. गंजी भडक पिवळी आणि आकाश व कपडे निळे. जवळ काढून ठेवलेले बूट आणि दोन विळे. सावलीचा आकार देण्याचे काम त्याने रंगाच्या विरोधाकडे सोपविले. म्हणजे दुपार रंगविता येते. मात्र त्यासाठी डोळ्यांना जे सहज सुंदर वाटते ते सोडून दुसरा मार्ग काढावा लागतो. आपल्याकडच्या चित्रकारांनी असे कोणते मार्ग काढले, ते आता पाहू.

पहिला मार्ग जलरंगाचा. महाराष्ट्रात या माध्यमाला मोठी परंपरा आहे. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांचे दिवा हाती घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांतून झिरपणारा तो प्रकाश पुष्कळांनी निदान छापील रूपात पाहिला असेल. नंतरच्या काळात नाशिकचे शिवाजी तुपे यांनी गोदावरीचा घाट रंगविला आणि पुण्याचे मिलिंद मुळीक (जन्म १९६१) यांनी जुने वाडे, गल्ल्या, भिंतींवर पडलेली उन्हे यांची असंख्य चित्रे केली. मुळीक यांची पुस्तके नवशिक्यांच्या हाती गेली आणि सुट्टीच्या दिवशी कागद-रंग घेऊन बाहेर पडणारी एक पिढीच उभी राहिली. पारदर्शक जलरंगाचे मर्म असे की त्यात उजेड रंगवीत नाहीत. तो राखून ठेवतात. जेथे ऊन हवे तेथे कागद कोराच सोडावयाचा आणि आजूबाजूची सावली रंगवावयाची. एकदा तो कोरा भाग गेला की परत मिळत नाही. या शिस्तीत एक नम्रता आहे, आणि हाताशी असलेल्या साध्या भिंतीकडेही प्रेमाने पाहावयास ही मंडळी शिकवितात, हे त्यांचे ऋण लहान नाही. मात्र सावली रंगवून ऊन दाखविणाऱ्या या पद्धतीला सावली लागतेच. म्हणून तिची ओढ तिरप्या उन्हाकडे, ओल्या रस्त्याकडे, घाटाकडे, पावसाळी आकाशाकडे असते. नाशिक, पुणे आणि कोकण तिला मानवतात. सपाट काळ्या वावरापुढे ती थोडी गोंधळते. अशी चित्रे पाहून आपला विद्यार्थी कोकणात जाण्याचे स्वप्न पाहू लागतो, आणि घरामागचे वावर चित्रात घेण्याजोगे नाही असे समजतो, ही त्या शैलीची नकळत झालेली हानी म्हणावी लागेल.

दुसरा मार्ग विदर्भाशी संबंध असलेल्या दोघांनी दाखविला. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्याच्या सहा संस्थापकांत गोव्याचे कॅथलिक घराण्यातील फ्रान्सिस न्यूटन सूझा होते, तसेच हरी अंबादास गाडे आणि सय्यद हैदर रझा हेही होते. गाडे यांचा जन्म १९१७ सालचा, आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तळेगावचा. ते विज्ञानाचे पदवीधर, आणि चित्रकलेचे शिक्षण नागपूरचे. निसर्गचित्र हाच त्यांचा मुख्य विषय राहिला. पण घरे, वाटा, टेकड्या यांना त्यांनी सावलीच्या आधाराने उभे न करता रंगांच्या सपाट ठोकळ्यांत मांडले. रझा (१९२२-२०१६) मंडला जिल्ह्यातील बाबरियाचे, वन खात्यातील नोकरदाराचे पुत्र. १९३९ ते १९४३ ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, नंतर मुंबईत, आणि १९५० साली फ्रान्सला गेले. तेथे त्यांनी चर्चचे मनोरे असलेली खेडी रंगविली, आणि त्या दशकातील काही चित्रांत गावावर चक्क काळा सूर्य ठेवला. दूरदेशी राहूनही त्यांना लहानपणीचे अरण्य, तेथील रात्रीची भीती आणि दिवस उगवल्यावर मिळणारा धीर सुटला नाही. सत्तरीच्या दशकातील 'ला तेर', म्हणजे 'भूमी', या नावाच्या चित्रांत काळ्याच्या पोटातून तांबडे आणि पिवळे धगधगत वर येते.

या चित्रांपुढे आपल्याकडचा माणूस क्षणभर थांबतो, कारण काळ्या रंगात ऊब असते हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पऱ्हाटीची मुळे धरून ठेवणारी जमीन काळीच असते. रझांनी काळ्याला अंधार मानले नाही, बीज मानले. प्राथमिक शाळेतील गुरुजींनी चंचल मुलाला भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहावयास बसविले होते. तोच ठिपका पुढे त्यांच्या चित्रांत 'बिंदू' होऊन आला. मात्र आमचे एक नम्र मत येथे नोंदवितो. १९८०नंतरच्या त्यांच्या चित्रांत बिंदू, त्रिकोण व चौकोन यांची रचना जशी नेटकी होत गेली, तशी भूमीची उष्णता कमी झाली. चिन्ह स्पष्ट झाले आणि वावर मागे पडले. प्रतीकांची सवय असलेल्या आपणा श्रद्धावंतांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. भाकरीचे प्रतीक करण्याआधी ती भाकरी असावी लागते.

तिसरा मार्ग वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांचा. त्यांचा जन्म नागपूरचा, कुटुंब गोव्याचे आणि जडणघडण मुंबईची. तेव्हा केवळ जन्मस्थानावरून त्यांना विदर्भाचे म्हणणे योग्य होणार नाही. त्यांच्या चित्रांना निसर्गचित्रे म्हणणे त्यांनाही रुचले नसते. आपली चित्रे कोणत्याही वस्तूची नाहीत, असेच ते मानीत. तरीही प्रकाशाचा विचार त्यांना वगळून पुरा होत नाही. ते रोलरने व सुरीने रंगाचे थर चढवीत, काही भाग खरवडून काढीत, पुन्हा थर देत. वर्षाकाठी अगदी मोजकी चित्रे पुरी होत. त्यामुळे त्यांच्या कॅनव्हासवर उजेड कोठून येऊन पडत नाही. तो थरांच्या मागून, जणू साचत साचत, पुढे येतो. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा जगाचे लक्ष या गोष्टीकडे गेले. छापील प्रतीत हा प्रकाश मरतो; मुंबईला जाणे होईल तेव्हा राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मूळ चित्र पाहण्याची संधी मिळाल्यास ती सोडू नये. उत्पत्तीच्या पुस्तकात प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण होतो आणि सूर्य-चंद्र मात्र चौथ्या दिवशी, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकले आणि त्याचे कोडे पडले. गायतोंडे यांच्या चित्रापुढे उभे राहिले असता, सूर्याआधीचा प्रकाश म्हणजे काय असावे, याची थोडी कल्पना येते. मेच्या दुपारी क्षितिज वितळते तेव्हा आपल्या डोळ्यांपुढेही वस्तू उरत नाहीत, फक्त उजेड उरतो. आम्ही त्या चित्रांत आमची दुपार शोधतो हे त्यांना कदाचित आवडले नसते. पण पाहणाऱ्याला तेवढे स्वातंत्र्य असावे. उणीव सांगायची तर एकच: त्या उजेडात माणूस नाही, आणि आमच्या दुपारीत तो आहे.

चौथा मार्ग गीव्ह पटेल (१९४०-२०२३) यांनी विहिरीच्या तळाशी शोधला. ते मुंबईत दीर्घकाळ दवाखाना चालविणारे डॉक्टर, इंग्रजीत लिहिणारे कवी व नाटककार, आणि चित्रकारही होते. दक्षिण गुजरातेतील नारगोळ हे त्यांच्या वडिलार्जित आठवणींचे गाव. १९९१पासून त्यांनी 'विहिरीत डोकावताना' अशा अर्थाची एक चित्रमालिका सुरू केली आणि ती पुढे अनेक वर्षे चालली. काठावरून खाली पाहिले असता जे दिसते तेवढेच त्या चित्रांत आहे: दगडांचे वर्तुळ, फटींतून उगवलेली पाने, आणि तळाशी पाण्यात उतरलेले आकाश. निसर्गचित्र म्हटले की मान वर करून दूर पाहावयाचे, ही सवय त्यांनी मोडली. आमच्या विषयाच्या दृष्टीने यात एक विलक्षण गोष्ट आहे. खोल विहिरीच्या तळाला थेट ऊन भेटते ते भर दुपारीच, सूर्य माथ्यावर असताना. वर सगळे काही पांढरे होऊन दिसेनासे होते त्याच घटकेला खालचे पाणी उजळते. काळी माती, मुरूम आणि खडक फोडून खणलेल्या आपल्या जिल्ह्यातील विहिरींनाही हे लागू आहे. विहीर हे आमच्याकडे जीवनाचे ठिकाण आहे. काही घरांसाठी ते अखेरच्या निराशेचेही ठिकाण झाले आहे. तिच्यात डोकावणे सोपे नाही. गीव्ह पटेल वर्षानुवर्षे डोकावत राहिले आणि त्यांनी तेथले आकाश रंगविले. डॉक्टरच्या डोळ्यांची ही चिकाटी आम्हांला फार मोलाची वाटते.

पाचवा मार्ग आपल्या अगदी शेजारून येतो. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ सालचा, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याजवळच्या सास्ती या खाणीच्या गावचा. वर्धेच्या खोऱ्यातला कोळशाचा जो पट्टा तेथे आहे तोच वणीच्या परिसरात, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, आहे. खैरागढ आणि बडोदे येथे शिक्षण घेतलेल्या पाचपुते यांनी आपल्या कामासाठी हाती घेतला तो कोळसा. चित्रकाराची कोळशाची कांडी लाकडाची आणि खाणीतला कोळसा दगडी. पण मराठीने दोघांना एकच नाव दिले आहे, आणि ते किती योग्य आहे हे त्यांची चित्रे पाहिल्यावर कळते. पुष्कळदा ते प्रदर्शनाच्या भिंतीवरच थेट रेखाटतात आणि प्रदर्शन संपले की ते चित्र पुसले जाते. त्यांच्या माणसांना कित्येकदा डोके नसते. त्या जागी दिवा, अवजार किंवा घर असते. २०२१ साली वेल्समधील कार्डिफ येथे दिला जाणारा 'आर्टेस मुंडी' हा पुरस्कार त्या वेळच्या सहाही कलावंतांना विभागून देण्यात आला. त्यांत ते एक होते. वेल्स हाही एके काळी कोळशाच्या खाणींचाच मुलुख, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २०२२ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनातही त्यांची चित्रे लागली.

पाचपुते यांच्या कामात उजेडाचा अर्थच बदलतो. खाणीत सूर्य नसतो. कामगाराच्या डोक्यावरचा दिवा तो जिकडे मान वळवील तेवढाच भाग उजळतो. प्रकाश हा सर्वांवर सारखा बरसणारा न राहता माणशी वाटून दिलेला शिधा होतो. कागदावर वा भिंतीवर आधी काळे पसरते आणि त्यातून उजळ भाग राखावा किंवा पुसून काढावा लागतो. भूमीही येथे कोणाच्या डोळ्यांना सुखविण्यासाठी पसरलेली नाही. ती खणलेली, पोखरलेली, कधी जनावराच्या तर कधी माणसाच्या शरीरासारखी थकलेली आहे. वणीच्या बाजूने जाताना सपाट माळावर मातीचे नवे डोंगर दिसतात. खाणीतून उपसून टाकलेल्या मातीचे ते ढीग आहेत. बालकांच्या स्पर्धेतील त्रिकोणी डोंगर असे आपल्या जिल्ह्यात खरोखर उगवले आहेत, आणि त्यांच्यामागून सूर्यही उगवतो. ते डोंगर कोठून आले, हे विचारावयास पाचपुते यांची चित्रे शिकवितात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रात वसुंधरेची हाक आणि गरिबांची हाक एकत्र ऐकावयास सांगितले होते. ते दिवंगत होऊनही आता काळ लोटला. त्या शिकवणुकीवर आपल्या धर्मग्रामांत प्रवचने झाली. तिचे चित्र पाहावयाचे असेल तर ते येथे, आपल्या शेजारी आहे.

तरीही आम्ही येथेच थांबलो तर एक अन्याय होईल. यवतमाळचे नाव वृत्तपत्रांत येते ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे, २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेमुळे, दुष्काळामुळे. छायाचित्रकार येतात, भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावलेला म्हातारा टिपतात आणि जातात. ती दुःखे खरी आहेत. त्यांवर पांघरूण घालणारा कलावंत आम्हांला नको. परंतु सदैव जखम म्हणूनच दाखविलेली भूमी आणि सदैव सायंकाळच्या सोन्यात न्हालेली भूमी, या दोहोंतही तेथे राहणारा माणूस स्वतःला ओळखत नाही. पाचपुते यांचे सामर्थ्य मान्य करूनही असे वाटते की त्यांच्या काही रचनांत प्रतीकांची दाटी होते आणि त्या दाटीत एखादे साधे हिरवे पान हरवते. आमच्या वावरात आषाढात दोन पाने फुटतात. ती खोटी नसतात. सृष्टी चांगली आहे हे परमेश्वराने पाहिले, अशी आपली श्रद्धा आहे. ते चांगलेपण कष्टाच्या, कर्जाच्या आणि उन्हाच्या आत कसे दिसते, हे दाखविणे सर्वांत कठीण असावे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ सालच्या ईस्टरला कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले, त्यात कलावंताच्या कामाचे नाते निर्मात्याच्या कामाशी जोडले होते. निर्मात्याने दुपारही निर्माण केली, एवढेच आम्ही त्यास जोडू इच्छितो.

राखलेला, धगधगणारा, साचलेला, विहिरीत उतरलेला आणि अंधारातून खणून काढलेला, असे उजेडाचे पाच प्रकार आपण पाहिले. यांतील कोणीही आमच्या वावराची दुपार जशीच्या तशी रंगविलेली नाही. पण प्रत्येकाने तिच्याकडे जाणारी एक वाट मोकळी केली आहे. ते चित्र अजून व्हावयाचे आहे. त्यात बहुधा काळी जमीन असेल, पांढरे आकाश असेल, आणि त्या दोहोंच्या मध्ये वेचणी करणाऱ्या बाईच्या ओटीत पांढरा कापूस असेल. पांढऱ्या उजेडात पांढरी वस्तू रंगविणे ही चित्रकाराची मोठी परीक्षा असते. ती देणारा मुलगा किंवा मुलगी घाटंजीच्या, राळेगावच्या किंवा मारेगावच्या एखाद्या शाळेत आज बसलेली असेलही.

अशा वेळी ख्रिस्ती चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) यांची आठवण होते. मूळचे गोव्याचे, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकलेले फोन्सेका यांनी पवित्र मरीयेला साडीत रंगविले, तेव्हा गोव्यातील आपल्याच माणसांना ते सहन झाले नाही. त्यांनी पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आसरा घेतला आणि तेथे आयुष्यभर काम केले. आज त्यांची चित्रे गोव्यातील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आदराने जतन केलेली आहेत. मरीया आपल्या वेषात येऊ शकते हे मान्य करावयास आपल्याला इतकी वर्षे लागली. ती आपल्या वावरात, आपल्या उन्हात उभी राहू शकते, हे मान्य करणे अद्याप बाकी आहे.

म्हणून एक लहानशी सूचना करून हा लेख संपवितो. येत्या नाताळात गव्हाणीच्या मागचा पडदा विकत न आणता मुलांकडून रंगवून घ्यावा. त्याआधी एका सुट्टीच्या दिवशी त्यांना अकराच्या सुमारास गावाबाहेर न्यावे, धुऱ्यावरच्या झाडाखाली बसवावे, आणि काहीही न काढता तासभर नुसते पाहू द्यावे. बारा वाजता देवदूताची प्रार्थना तेथेच म्हणावी. मग घरी येऊन जे दिसले ते काढू द्यावे. सूर्य माथ्यावर असेल तर कागदाच्या बाहेर गेला तरी चालेल. आणि गोठ्यात कापूस जरूर ठेवावा. फक्त तो डोंगरावर न पसरता गव्हाणीत, बाळ येशूच्या अंगाखाली ठेवावा. पौषाच्या थंडीत आपल्याकडच्या बाळाला आपण कापसाच्याच गोधडीत निजवितो.